नाना पागे यांची पाहुणेवही

नाना पागे आग्र्याला परदेश म्हणत. थट्टेनं नव्हे, अगदी सरळ मनानं. मी लग्न होऊन पुण्याहून ग्वाल्हेरला आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ते आमच्या दारात येऊन ओरडले, "सूनबाई, चहा टाका, परदेशातून पाहुणे आले आहेत!" मी लगबगीनं चांगल्या कपबशा काढल्या, साडी बदलली आणि बाहेर येऊन बघते तर आग्र्याचे चुलतमामा पेठ्याचा पुडा हातात धरून उभे. मला हसू आवरेना. नानांना मात्र त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही. चंबळेच्या अलीकडे दरबारचा मुलूख आणि पलीकडे इंग्रजांचा, हे ते जन्मापासून बघत आले होते. "आग्रा परदेश, तर पुणं म्हणजे विलायतच झालं न तुमचं," असं मलाच वर ऐकवून ते चहाला बसले.

नाना आमचे शेजारी. नया बाजारातल्या आमच्या बोळात त्यांचं घर समोर होतं आणि आवाज आमच्या घरात. ठेंगणी मूर्ती, मे महिन्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, आणि बोलण्याआधीच हसायची सवय. दरबारच्या मेहमानखान्यात ते कारकून होते. संस्थानाचा पाहुणा आला की त्याची नोंद करायची, हे काम. डाव्या पानावर कोण, कुठून, कधी आले. उजव्या पानावर काय खातात, काय वर्ज्य, तिखट चालतं की नाही. पाहुणा एखाद्या वेळी जेवायला नसला तर तेही लिहायचं, म्हणजे मुदपाकखान्यात अन्न वाया जात नाही. अशी बावीस वर्षं त्यांनी काढली.

मग संस्थानं विलीन झाली, मध्यभारत झाला, मेहमानखान्याला कुलूप लागलं. बोळातले निम्मे लोक दरबारच्या नोकरीतले. त्यांची तोंडं सुकली. कुणाला नव्या सरकारात घेणार, कुणाला घरी बसवणार, पगडीचं काय करायचं, असल्या चर्चा ओट्याओट्यावर चालत. नानांना एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, म्हणजे होते त्याहून दोन पायऱ्या खाली. आणि हा गृहस्थ पहिल्या दिवशी संध्याकाळी पेढे वाटत आला! ह्यांनी विचारलं, "नाना, कसले पेढे?" तर म्हणाले, "अहो, आग्रा आपला झाला की! मुंबई आपली झाली! मी तिकीट न काढता केवढा फिरून आलो!"

मेहमानखाना बंद झाला तरी वही बंद झाली नाही. नाना पदरच्या पैशानं एक जाड, लाल कापडी बांधणीची वही घेऊन आले आणि आमच्या बोळात येणाऱ्या पाहुण्यांची नोंद करू लागले. कुणाचा टांगा थांबला की नाना हजर. "कुठून आलात? किती दिवस? तिखट चालतं?" तीन प्रश्न, ह्याच क्रमानं. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला वाटलं, पोलीस चौकशीला आले. ती रागावली, मीही रागावले. पण दुसऱ्या दिवशी नानांच्या घरून बिनतिखटाची आमटी आली, कारण आईनं भीतभीत "जरा बेतानं" असं उत्तर दिलं होतं. घरच्या माणसाची नोंद मात्र वहीत कधी होत नसे. बोळातला मुलगा चार वर्षांनी परत आला तरी तो पाहुणा नव्हे. तो नियम मेहमानखान्याचाच होता आणि नाना तो कधीही मोडत नसत.

ह्या माणसाला आयकराचं वेड लागलं, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. आमच्याकडे तोवर तो प्रकारच नव्हता. विलीनीकरणाबरोबर तोही आला, आणि नया बाजारातले व्यापारी डोक्याला हात लावून बसले. नानांनी कुठून तरी कोरा फॉर्म पैदा केला आणि माझ्यासमोर आणून धरला. मी मॅट्रिक, इंग्रजी वाचणारी बोळातली एकटी बाई, म्हणून हे काम माझ्याकडे. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगायची आणि नाना पाटावर मांडी घालून ऐकायचे. नाव काय. वडिलांचं नाव काय. राहता कुठं. मिळवता किती. मी म्हटलं, "नाना, तुमचा पगार कर भरण्याइतका नाही. तुम्हाला हे भरायची गरजच नाही."

"नसेल गरज," ते म्हणाले. "पण सूनबाई, बावीस वर्षं मी लोकांना विचारलं, आपण कोण, कुठून आलात. मला कुणी विचारलं? एकानं तरी? आता सरकार स्वतः कागद छापून विचारून राहिलं आहे. विचारलंय, तर सांगायला हवं."

"विचारलंय, तर सांगायला हवं" हे त्यांचं पालुपद होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते थट्टेचं वाटलं नाही.

फॉर्म भरून झाला. तो द्यायला गोरखी वाड्याकडल्या कचेरीत नाना स्वतः गेले, ह्यांना बरोबर घेऊन. मी ऐकलं ते ह्यांच्या तोंडून. नवे अधिकारी मद्रासकडचे, तरुण, कपाळावर भस्माचे पट्टे, हिंदी तोडकी आणि शिस्त कडक. नाना पगडी घालून आत गेले, तीनदा वाकून मुजरा केला, कोटाच्या खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, दोन्ही तळव्यांवर पसरला, त्यावर फॉर्म ठेवला, आणि फॉर्मवर चांदीचा एक रुपया. दरबारी रिवाज! नव्या अधिकाऱ्याला नजर, म्हणजे मानाचं नाणं, द्यायची, त्यानं बोटानं स्पर्श करायचा, आणि ज्याची त्यानं परत न्यायची. आमच्याकडे पोराटोरांना माहीत. मद्रासच्या साहेबाला कसं माहीत असणार? तो खुर्चीतून ताडकन उठला. "रिश्वत? मेरे को रिश्वत?" शिपायानं दार लावून घेतलं.

नाना जागचे हलले नाहीत. तळवे तसेच पुढे. म्हणाले, "हुज़ूर, रिश्वत जेब में रखते हैं। इसे तो बस छूना है। छूकर लौटा दीजिए, मेरी इज़्ज़त रह जाएगी, आपकी बढ़ जाएगी।" साहेबानं एकदा रुपयाकडे बघितलं, एकदा पगडीकडे. मग बोटाच्या टोकानं, निखाऱ्याला लावावं तसा, स्पर्श केला. नानांनी रुपया खिशात टाकला आणि पोच मागितली. ती पोच त्यांनी चौकट करून देवघरात लावली. खरंच लावली, मी बघितली आहे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर वत्सलाआत्यांचा प्रसंग आला.

वत्सलाआत्या ह्यांच्या सख्ख्या आत्या. त्यांचे यजमान नैरोबीला रेल्वेत होते. तीस वर्षं संसार तिकडे झाला, मूलबाळ नाही. यजमान गेले, आणि आत्या दोन ट्रंका, एक लोणच्याची बरणी आणि तिकडचं पेन्शनचं कार्ड घेऊन ग्वाल्हेरला आमच्याकडे आल्या. दसऱ्याच्या सकाळी आल्या. बाहेर महाराजांच्या सवारीची गडबड, रस्ते बंद, म्हणून नाना स्वतः पडावच्या स्टेशनावर टांगा घेऊन गेले आणि त्यांना घेऊन आले. येता येता टांग्यातच विचारलं, "तिखट चालतं?" आत्या म्हणाल्या, "तीस वर्षांत माझं तोंड बिघडलं बाई, बेतानं घाला." नोंद झाली.

आत्या मानी. भाच्याच्या दारात म्हातारपण काढायचं नाही, ही त्यांची एकच जिद्द. बोळाच्या तोंडाशी दोन खोल्या विकायला निघाल्या होत्या. आत्यांनी बयाणा दिला. नैरोबीच्या घराचं भाडं आणि पेन्शन मिळून बेताबेतानं रक्कम जमत होती. आणि तेवढ्यात आयकराचा कागद आला. बाहेरून येऊन इथं राहिलेल्यांनी आपली तिकडची मिळकतही दाखवायची होती. पण एक गोष्ट होती. त्या वर्षात माणूस एकशेब्याऐंशी दिवस इथं राहिला असेल तरच तो इथला रहिवासी. त्याहून एक दिवस जरी कमी, तरी तिकडच्या मिळकतीवर इथं कर नाही. कर लागला असता तर खोल्यांची रक्कम पुरी पडत नव्हती. बयाणाही बुडाला असता. आत्यांनी ते ऐकलं आणि जेवण सोडलं.

नानांना तर स्फुरण चढलं! पंचांग, पाहुणेवही आणि मी, असे तिघे त्यांच्या ओट्यावर. दसऱ्यापासून मार्चअखेरपर्यंत नानांनी एकेक दिवस बोटानं मोजला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर, मग माझ्याकडून. तिन्ही वेळा उत्तर एकशेएक्याऐंशी! नाना उठून अंगणात नाचले. अक्षरशः नाचले, कोट घालून. "एका दिवसानं वाचल्या! आत्याबाई, उठा, जेवून घ्या!" आत्या हसल्या, जेवल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे हिरव्या मिरचीचा ठेचा मागितला.

कचेरीत जायच्या दिवशी आम्ही तिघं टांग्यानं गेलो. आत्यांच्या पासपोर्टवरचा मुंबईचा शिक्का लोणच्याच्या तेलानं पुसट झाला होता. बरणी आणि पासपोर्ट एकाच ट्रंकेत, दुसरं काय होणार? म्हणून पुरावा म्हणून नानांची वही. नानांनी ती रेशमी रुमालात बांधून मांडीवर घेतली होती. रुपया ह्या वेळी आणला नव्हता. मी आधीच बजावलं होतं.

साहेबानं फॉर्म बघितला, वही बघितली. मोडी अक्षर त्याला कळेना, तेव्हा नानांनी वाचून दाखवलं. साहेबानं मान डोलावली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "ग्वालियर दशहरे को आईं। तो बंबई में कब उतरीं?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मुंबई! मुंबईहून गाडीला एक रात्र लागते. बोट लागली ती आदल्या दिवशी. आम्ही दोघांनी, पंचांगानं, सगळ्यांनी मोजलं ते ग्वाल्हेरच्या स्टेशनापासून. मुंबई आपली झाली म्हणून पेढे वाटणाऱ्या नानांनीसुद्धा! मोजायच्या वेळी त्यांच्या बोटांना मुंबई परदेशच वाटली. तो एक दिवस धरला की एकशेब्याऐंशी बरोबर.

मी खरं सांगते, त्या क्षणी मला नानांनी खोटं बोलायला हवं होतं. शिक्का पुसट आहे, वही नानांची आहे, दसऱ्याच्या नोंदीवर एक आकडा फिरवला की झालं. मी त्यांच्या कोटाची बाही मागून ओढली. आत्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या.

नाना म्हणाले, "एक दिन पहले उतरीं, हुज़ूर। लिखा हुआ ग़लत नहीं है। मेरी गिनती ग़लत है।"

साहेबानं पेन उचललं. मला नानांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. काय त्यांचं ते सांगायला हवं, सांगायला हवं! त्यांना काय, त्यांच्या घरावर थोडीच येणार होतं? आत्या हळूच म्हणाल्या, "राहू द्या नाना. खरं तेच सांगितलंत."

नाना ऐकत नव्हते. त्यांना साहेबाला पटवायचं होतं की वहीत एकही नोंद खोटी नाही. म्हणून ते एकेक पान उलटून वाचत सुटले. दिवाळी, संक्रांत, कुणाचं कोण आलं, कुणाला दही वर्ज्य. साहेब कंटाळून हात वर करणार, तेवढ्यात नाना एका पानावर थबकले. त्यांचा चेहरा बघता बघता लाल झाला. आणि ते कचेरीच्या छपराला भिडेल असं ओरडले, "पशुपतिनाथ!"

दाराशी उभ्या शिपायानं हात जोडले. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला देव आठवला. साहेब गोंधळला. "मंदिर?"

"काठमांडू, हुज़ूर! नेपाल! शिवरात्रि की जात्रा! ये देखिए, नौ दिन, पाहुणी जेवायला नाही, नऊ दिवस!" हिंदी-मराठीचा काला झाला होता. "आगरा अपना हुआ, बंबई अपनी हुई, पर नेपाल तो हुज़ूर आज भी परदेस है!"

आणि खरंच की! शिवरात्रीला आमच्या बोळातल्या सहा बायका काशी करून पुढे पशुपतिनाथाला गेल्या होत्या. यजमानांच्या नावानं अभिषेक करायचा म्हणून आत्याही गेल्या. नैरोबीहून आलेली बाई, समुद्र ओलांडलेली, पण ह्या जात्रेला परदेश म्हणावं हे तिच्या, माझ्या, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. देवाला गेलेलं माणूस बाहेर गेलं असं आमच्याकडे कुणी म्हणतच नाही. फक्त नानांच्या वहीनं म्हटलं होतं, तेही अन्न वाया जाऊ नये म्हणून.

साहेब सावध होता. "इसका काग़ज़?"

आत्यांनी पिशवीत हात घातला. मला कळेना काय शोधतायत. त्यांनी एक घडी केलेली पुडी काढली. पशुपतिनाथाची विभूती. ती रोज कपाळी लावत, कुठंही गेलं तरी बरोबर असे. आणि ती बांधली होती नेपाळच्या सीमेवर मिळालेल्या राहदारीच्या कागदात. आत्यांना तो कागद म्हणजे पुडी, एवढंच माहीत. साहेबानं उलगडला. जाताना एक शिक्का, येताना एक शिक्का, दोन्ही स्वच्छ. लोणचं तिकडे पोचलं नव्हतं. विभूती मात्र सगळी फाइलीवर सांडली.

साहेबानं ती झटकली नाही. दोन्ही हातांनी गोळा केली, चिमूटभर आपल्या कपाळाच्या पट्ट्यांवर लावली, आणि उरलेली आत्यांना परत दिली. मग दोन शिक्क्यांमधले दिवस वजा केले. आता नाना पुन्हा नाचणार हे ओळखून मी त्यांची बाही घट्ट धरून ठेवली. काही उपयोग झाला नाही.

महिन्याभरात हुकूम आला. मी वाचून दाखवला. वत्सलाबाई ह्या वर्षापुरत्या भारतातल्या रहिवासी नाहीत. आत्या खोल्यांच्या किल्ल्या कनवटीला लावून बसल्या होत्या. नाना त्या ओळीवर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी लाल वही उघडली, दसऱ्याचं पान काढलं आणि आत्यांच्या नावावर एक सरळ आडवी रेघ मारली. "सरकार म्हणतं राहत नाही. म्हणू द्या, त्यांनी विचारलं, आपण खरं सांगितलं. माझ्या वहीत आत्याबाई आता पाहुण्या नाहीत. सूनबाई, ह्यांच्या भाजीत तिखट पुरं घालत जा."

पुढे काही वर्षांनी पुन्हा सगळं ढवळलं. मध्यभारत गेला, नवा मोठा प्रांत झाला, कचेऱ्या भोपाळला निघाल्या. नानांचं टेबलही निघालं. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, तरी ते भोपाळला जायला असे तयार झाले की जणू त्यांनाच राजधानी स्थापन करायची होती. जायच्या सकाळी लाल वही त्यांनी माझ्या हातात दिली. "आता तुम्ही लिहा. कोण, कुठून, तिखट. कंटाळा करू नका." मी पाया पडले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मी लिहिलं. पुष्कळ वर्षं लिहिलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला. सुटी काढून आले होते. कोट तोच, आता जरा सैल झालेला. आत्यांच्या खोलीत आम्ही सगळे जेवायला बसलो. नानांनी हात धुण्याआधी वही मागितली. पानं उलटली, आजचं पान काढलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. पान कोरं होतं.

"सूनबाई," ते रागावले, खरे रागावले, "मी आज सकाळी आलो. माझी नोंद कुठं आहे? असं काम करून राहिल्या आहात?"

मी म्हटलं, "घरच्या माणसाची नोंद होत नाही, नाना. नियम तुमचाच आहे."

नानांनी त्या कोऱ्या पानावरून एकदा हात फिरवला. मग वही मिटली, ताट पुढे ओढलं, वांग्याच्या भाजीचा घास घेतला आणि आत्यांकडे बघून म्हणाले, "आत्याबाई, मग हे बेतानं कुणासाठी केलं आहे? मिरची आणा."